बिडाच्या जाळीला दोन कोट

मी चौतीस वर्षं फौंड्रीत काढली. शेवटची बारा वर्षं फेटलिंग शॉपचा सुपरवायझर होतो, म्हणजे साच्यातून निघालेला ओतीव माल झोडपून, घासून माणसात आणणाऱ्या खात्याचा. त्यामुळे गंजलेलं लोखंड दिसलं की माझं डोकं फिरतं. पाहुण्यांच्या घरी गेलो तरी आधी गेटची बिजागरी बघतो आणि मग पाणी मागतो. असं असताना माझ्याच गच्चीवर, माझ्याच पाण्याच्या टाकीला टेकून, एक बिडाची जाळी दीड वर्ष गंजत पडली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून रोज सूर्यनमस्कार घालत होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जाळी होती बार्बेक्यूच्या ग्रिलची. आम्हाला एकच मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि पहिला पगार झाल्याबरोबर तिनं तिकडून ऑनलाइन हे ग्रिल आमच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर पाठवलं. बॉक्स एवढा मोठा की बायकोला वाटलं वॉशिंग मशीन आलं, म्हणून तिनं कुरियरवाल्याला चहासुद्धा दिला. बॉक्समधून निघाली तीन पायांची, दोन चाकांची, झाकण असलेली एक गोल शेगडी. खाली कोळशाचं भांडं, वर जाळी. संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, इथं रविवारी प्रत्येक घराच्या अंगणात बाप लोक भट्टीपुढं उभे असतात. मला तुम्हीच आठवलात."

त्यावर मी काय बोललो असेन? म्हणालो, "पत्रा जरा पातळ हाय. जाळी मात्र बिडाची हाय. एका गजाला ब्लो होल हाय, पण चालंल." ब्लो होल म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक. पोरीनं पहिल्या पगारात बापासाठी वस्तू घेतली आणि बापानं पाच मिनिटांत त्यातला कास्टिंग डिफेक्ट शोधून काढला. फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे जे बघत होती ते इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी ग्रिल पेटवलं. व्हिडिओ बघून चिकनला दही लावलं, मसाला लावला, कोळसा फुलवला. चौदाशे डिग्रीचं लोखंड हाताळलेला माणूस मी, कोंबडीची ती काय कथा, असा माझा तोरा होता. चिकन बाहेरून कोळसा झालं आणि आतून जवळजवळ जिवंत राहिलं. बायको भाकरीचं ताट घेऊन गच्चीवर आली.

"रस्सा कुठाय ह्याचा?"

"ह्याला रस्सा नसतो."

"मग भाकरी कशात चुरायची? घामात?"

तिनं ते सगळे तुकडे उचलले, खाली नेले, कुकरात घालून वर वाटण टाकलं आणि तासाभरात तांबडा रस्सा करून वर पाठवला. फार चांगला झाला होता. त्या ग्रिलवर आमच्याकडे शिजायला घातलेला तो पहिला आणि शेवटचा पदार्थ.

कोळसा, राख, चरबी, सगळं तसंच आत ठेवून मी झाकण लावलं. उद्या धुऊ म्हणालो. त्या उद्यावर एक अख्खा पावसाळा पडला. मग एके दिवशी बायकोनं झाकण उचलून कावळ्यांच्या पाण्यासाठी कठड्यावर उलटं ठेवलं. जाळी काढून टाकीला टेकवली, तिथं ओव्हरफ्लोचं पाणी दिवसरात्र तिच्यावर ठिबकायला लागलं. आणि कोळशाच्या भांड्यात तळाला हवेसाठी भोकं आहेतच, पाणी निचरून जातंय, असं म्हणून तिनं त्यात माती भरली आणि पुदिना लावला. पुदिना असा आला की विचारू नका.

आता फोनचं सांगायला हवं. मुलीचा फोन दर रविवारी संध्याकाळी सातला येतो, व्हिडिओ कॉल. घरात रेंज नीट येत नाही म्हणून मी गच्चीवर जातो आणि बोलतो. मला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून फोन तोंडाजवळ धरतो, तेव्हा पलीकडे तिला बहुतेक माझं कपाळच दिसत असणार. आधी आमचं बोलणं ठरलेलं असायचं. "बरी हायस न्हवं?" "हो पप्पा." "थंडी हाय का?" "हो पप्पा." "बरं, आईला देतो." ती कॉलेजला हॉस्टेलवर होती तेव्हापासून हेच. लेकीशी बोलायचं नाही असं नव्हतं, पण काय बोलायचं ते सुचायचं नाही. फौंड्रीत आवाज एवढा की आम्ही हातवाऱ्यांवर दिवस काढायचो, आणि ती सवय घरी घेऊन आलो.

ग्रिल आल्यावर महिन्याभरानं तिनं विचारलं, "पप्पा, वापरता ना ग्रिल?"

"व्हय तर. आजच भाजलं की चिकन." निघून गेलं तोंडातून. पहिल्या पगाराची वस्तू, "न्हाय" म्हणायला जीभ वळेना.

"अरे वा! काय काय लावलंत त्याला?"

आणि मी सांगत सुटलो. दही किती, आपला कांदा-लसूण मसाला किती, कोळसा कुठल्या बाजूला सरकवला, कितीदा उलटलं. दर रविवारी ती विचारायची, "पप्पा, आज काय भाजलंत?" आणि दर रविवारी माझ्याकडे काहीतरी ताजं भाजलेलं असायचं. पनीर झालं, मक्याची कणसं झाली, रताळी झाली. दुपारी झोपायचं सोडून मी व्हिडिओ बघायला लागलो, कारण पोरगी बारीकसारीक विचारायची आणि मला अडकायचं नव्हतं. एकदा श्रावणात मी रंगात येऊन मटणाच्या चापा सांगायला लागलो. बायकोनं मागून असा चिमटा काढला की मी ओरडलो. मुलीनं विचारलं काय झालं, तर म्हणालो, "वांगी, वांगी भाजली आज. हाताला चटका बसला त्याची आठवण झाली." पुढच्या आठवड्यात कुरियरनं कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आले. मग लांब चिमटे आले. मग छातीवर कोंबडी छापलेला एक एप्रन आला. सगळं वेष्टनासकट कपाटात, माझ्या लग्नातल्या सुटाशेजारी.

या जूनमध्ये तिची सुट्टी मंजूर झाली. दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी येणार होती. रविवारी सकाळच्या गाडीनं पोचते म्हणाली आणि वर म्हणाली, "आई, काही करू नकोस हं. रविवारी दुपारी पप्पांच्या हातचं ग्रिल." त्या दिवशी होता सोमवार.

फोन ठेवला आणि आम्ही दोघं ग्रिलकडे बघत उभे राहिलो. पुदिन्यावर एक फुलपाखरू बसलं होतं.

"आता खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"दीड वर्षाचं खरं एकदम कसं सांगायचं?"

मला भीती एकाच गोष्टीची होती. परक्या देशात एकटी राहून पोरीनं पहिल्या पगारात आधी बापाला आठवलं आणि बापानं त्यात पुदिना लावला, हे तिला कळू नये. बायकोनं लावला होता हे खरं, पण ती सबब सांगायला मलाच लाज वाटली असती.

मंगळवारी सकाळी कामाला लागलो. पुदिना उपटून बायकोच्या स्वाधीन केला. तिनं एखादं अनाथ लेकरू घ्यावं तसा तो घेतला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला. मातीखाली जुनी राख होती, पावसानं तिचा चिखल झाला होता आणि उन्हानं त्याचा दगड. छिन्नी लावून तो काढला. त्यात मुंग्यांनी संसार मांडला होता, त्या माझ्या हातावरून चढून बगलेपर्यंत जाऊन आल्या. झाकणाला आतून चरबीचं किटण, बोट लावलं तर सुटेना. मी डिझेल आणायला निघालो तर बायको जिन्यात आडवी आली.

"कोंबडी भाजायचीय का ट्रॅक्टर धुवायचाय?"

मग तिच्या पद्धतीनं सुरू झालं. उकळतं पाणी, खाण्याचा सोडा, लिंबाची सालं, काथ्या. मी वायर ब्रश घेतला की ती म्हणायची पत्र्याला ओरखडे पडतील, ती काथ्या घ्यायची की मी म्हणायचो ह्यानं तांब्या निघतो, किटण न्हाय. आमचं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली, पण इतका वेळ समोरासमोर बसून आम्ही कधी भांडलो नव्हतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत झाकण आणि भांडं असं झालं की त्यात तोंड दिसावं. माझा उजवा खांदा मात्र गेला. कपात साखर ढवळायला डावा हात वापरत होतो.

राहिली जाळी. गंजानं तिचे थर सुटले होते. बायको म्हणाली, माझा बिडाचा तवा असाच झालता, घासायचा, तेल लावायचं, चुलीवर तापवायचा, चार दिवसांत येतोय वळणावर. अगदी बरोबर सांगत होती. पण मी फेटलिंग शॉपचा सुपरवायझर. गजांच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नव्हता आणि तिथला तांबूस रंग माझ्या डोळ्यांत खुपत होता. म्हटलं, हिला शॉट ब्लास्टच मारतो.

शॉट ब्लास्ट म्हणजे मशीनमध्ये लोखंडाचे बारीक छर्रे जोरात मारून मालावरचा गंज उडवायचा. माझ्या हाताखाली दहा वर्षं काम केलेल्या एका माणसानं आता एमआयडीसीत स्वतःचं छोटं शॉप टाकलंय, त्याच्याकडे असलं मशीन आहे. पन्नाशी ओलांडली तरी मी गेलो की तो अजून उभा राहतो. शुक्रवारी सकाळी जाळी पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून त्याच्याकडे नेली. कशाची आहे ते काही मी सांगितलं नाही. ज्या माणसाला मी गंजावरून आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याला आपल्या घरातला गंज दाखवायचा, वर ही कोंबड्या भाजायची जाळी म्हणून सांगायचं, हे मला जमेना.

"लेकीची हाय," एवढंच म्हणालो. "ब्लास्ट मारून ठेव. एकदम फस्क्लास पायजे."

"साहेब, लेकीचं काम म्हंजे घरचं काम. शनिवारी संध्याकाळी न्या."

शनिवारी संध्याकाळी गेलो. त्यानं वर्तमानपत्रात बांधून ठेवलेला गठ्ठा दोन्ही हातांनी दिला, चहा पाजला, स्कूटरपर्यंत सोडायला आला. घरी येऊन मी बायकोला गच्चीवर बोलावलं, बघ म्हटलं, काम कसं असतं ते, आणि कागद सोडला.

जाळी लालभडक होती. खिडकीच्या गजांना मारतात तो रेड ऑक्साइड प्रायमर. इतका सफाईदार हात मारला होता की एक ओघळ नाही. बोट लावलं तर बोटाला आला, अजून पुरता वाळला नव्हता. बायकोनं पदर तोंडाला लावला, वासानं की हसू दाबायला ते कळलं नाही. मी फोन लावला.

"अरे, प्रायमर कशाला मारलास?"

"म्हंजे काय साहेब? तुमचाच रूल की. ब्लास्ट केलेला जॉब प्रायमरशिवाय शॉपच्या भाईर सोडायचा न्हाय. दोन कोट मारलेत, आतल्या अंगानं बी."

रूल माझाच होता. मीच तो शॉपच्या भिंतीवर हातानं रंगवला होता, कारण ब्लास्ट झालेलं लोखंड उघडं राहिलं की एका रात्रीच्या दमट हवेत तांबडं पडतं. याच माणसानं एकदा पावसाळ्यात प्रायमर न लावता माल ठेवला होता, तर मी चारचौघांत त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली होती आणि सुट्टीच्या दिवशी बोलावून सगळा लॉट नव्यानं ब्लास्ट करायला लावला होता.

"अरे बाबा, त्याच्यावर चिकन भाजायचं होतं!"

"मला काय म्हाईत साहेब? तुम्ही सांगितलं न्हाय. मला वाटलं लेकीच्या बंगल्याच्या मोरीवर बसवायची जाळी हाय."

परत ब्लास्ट मारून देशील का विचारलं, तर म्हणाला एमआयडीसीत लाइट गेलीय, लाइनचं काम काढलंय, उद्या दुपारपर्यंत येत न्हाय. त्याच्यावर चिडायला मला कुठूनही जागा नव्हती. उलट एवढ्या वर्षांनी रूल पाळला म्हणून शाबासकीच द्यायला हवी होती. ती काही मी दिली नाही.

थिनरनं पुसायचा विचार बोलून दाखवला तर बायको म्हणाली, "माझ्या घरात रंगातली कोंबडी कुणी खायची न्हाय. मी मटण सांगून ठेवलंय." कधी सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली सोमवारीच. माझ्यावर विश्वास असा तिचा.

रविवारी सकाळी लेक आली. वाळली होती, केस कापले होते, आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला "बरी हायस न्हवं?" विचारलं. ती "हो पप्पा" म्हणाली. मग आंघोळ, चहा झाला आणि ती थेट गच्चीवर निघाली. मी मागून. जिन्यात मी नवी गोष्ट जुळवत होतो. कोल्हापूरचा पावसाळा, जाळीची काळजी, गेल्या रविवारपर्यंत रोजचा वापर, आता पावसासाठी मुद्दाम रंग दिला. बरी वाटत होती.

ग्रिल गच्चीच्या मधोमध उन्हात चकाकत होतं. झाकणाखाली लाल जाळी. तिनं झाकण उचललं, जाळीवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढं धरलं.

"पप्पा, रेड ऑक्साइड?"

फौंड्रीवाल्याची पोरगी ती. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "त्याचं असं हाय, पावसात..."

"पुदिना कुठं गेला?"

मी तेलाच्या डब्याकडे बघितलं.

"तुमच्या मागं दिसायचा की," ती म्हणाली. "तुमचं अर्धं कपाळ आणि मागं पुदिना. आधी एवढासा होता, मग मोठा झाला. एकदा तुम्ही मला भरली सिमला मिरची भाजल्याचं सांगत होता आणि आई मागनं येऊन चटणीला तोडून घेऊन गेली."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी मेहनतीनं रचलेली रताळी, ती कणसं, तो चटका, सगळं तिला कधीचंच माहीत होतं. लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"म्हाईत होतं तर दर रविवारी इचारायचीस कशाला? आज काय भाजलं, आज काय भाजलं! हातमोजे कशाला पाठवलेस? बापाची मजा बघायला?"

ती जाळीच्या गजावर नख घासत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाय विचारलं की तुम्ही फोन आईकडं देता."

खालून मटणाला फोडणी बसल्याचा आवाज आला. मी टाकीजवळ जाऊन नळ नीट बंद आहे का ते बघितलं. तो नीट बंद होता, तरी मी बराच वेळ बघत राहिलो, कारण वळलो असतो तर डोळे दिसले असते. पोरगी तिकडे दुपारच्या वेळी, एकटी, कधीच न झालेल्या जेवणाचं वर्णन ऐकत बसायची, पुढचे प्रश्न काढायची, कारण तेवढाच वेळ बाप फोनवर टिकायचा. मला वाटायचं मी तिला जपतोय.

दुपारी तांबडा-पांढरा झाला, बरोबर तेलाच्या डब्यातल्या पुदिन्याची चटणी. तिनं भाकरी चुरून तीनदा रस्सा घेतला. जेवताना मी तिला जाळीची सगळी हकिगत सांगितली, मोरीच्या जाळीपर्यंत आलो तेव्हा तिला ठसका लागला आणि बायकोला तिच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. तीन आठवडे राहून ती परत गेली. जाताना एप्रन तिनंच नेला.

त्यानंतरच्या रविवारी सातला फोन आला. मी गच्चीवर गेलो, बायको पाठोपाठ येऊन उभी राहिली.

"पप्पा, आज काय भाजलंत?"

"काय न्हाय," मी म्हणालो. पहिल्यांदाच खरं बोललो आणि पुढं काय ते सुचेना. बायकोनं सवयीनं हात पुढे केला. माझाही हात तिच्याकडे निम्मा गेला होता, तो मी मागे घेतला.

"जरा थांब की," तिला म्हटलं. "आमचं व्हायचंय अजून." आणि फोनमध्ये म्हणालो, "तिथं थंडी पडली का ते न्हाय इचारत. दुपारी तू काय जेवलीस, ते सांग. कसं केलंस ते बी सांग. सगळं."